गट कोणता? : बिनतारी संवेदक जाळ्यांतील मार्गनिवड आणि नोंदीचा प्रश्न

प्रास्ताविक

शिरूर तालुक्याच्या पूर्वेस, घोड आणि भीमा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात मांडवगण फराटा हे गाव आहे. भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो. नदी, बंधारे आणि विहिरी यांच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस उभा राहिला आणि त्याच्याबरोबर उसाची माहिती गोळा करण्याची एक व्यवस्थाही उभी राहिली. साखर कारखान्याच्या शेतकी विभागाचा कर्मचारी, ज्याला गावोगाव 'चिटबॉय' म्हणूनच ओळखतात, लागणीनंतर शेतावर येतो. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख आणि हंगाम यांची तो नोंद करतो. पुढे तोडणीचा कार्यक्रम, वाहनांची पाळी, काट्यावरील वजन आणि बिल ही सारी साखळी त्या एका नोंदीवर चालते. माहिती शेतातून निघून केंद्रापर्यंत कशी पोहोचते आणि पोहोचल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न या भागाला नवा नाही.

संगणकशास्त्रात हाच प्रश्न बिनतारी संवेदक जाळ्यांच्या नावाने गेली पंचवीस वर्षे अभ्यासला जात आहे. शेतात, पुलावर किंवा इमारतीत लहान लहान संवेदक बसवायचे, त्यांनी मोजलेली आर्द्रता वा तापमान एकमेकांमार्फत तळकेंद्राकडे पाठवायचे आणि ते पाठवताना बॅटरी शक्य तितकी वाचवायची, हा या शाखेचा गाभा होय. त्यातील 'मार्गनिवड' हा उपविषय राज्यातील महाविद्यालयांत विशेष रुळला. एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध, परिषदांची इतिवृत्ते आणि महाविद्यालयीन नियतकालिके यांतून 'सुधारित' मार्गनिवडीचे लेख सातत्याने येत राहिले. त्यांपैकी पुष्कळ लेखांच्या पहिल्या परिच्छेदात शेतीचा उल्लेख असतो. दुसऱ्या परिच्छेदापासून शेत नाहीसे होते, ते शेवटपर्यंत परत येत नाही. या संशोधनाच्या गृहीतकांची तपासणी मांडवगणसारख्या गावातील एक हेक्टर उसाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शंभर मीटर बाय शंभर मीटर

या साहित्याचा मूळ आधार म्हणजे 'लीच' ही मार्गनिवडीची पद्धत. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ती २००० साली मांडली आणि २००२ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केली. तिची कल्पना सुबोध आहे. प्रत्येक संवेदकाने दूरच्या तळकेंद्राशी स्वतंत्रपणे बोलणे खर्चिक असते, म्हणून संवेदकांचे गट करावेत, गटातील एकाने प्रमुख व्हावे, इतरांनी आपली माहिती त्याच्याकडे द्यावी आणि त्याने ती एकत्र करून पुढे पाठवावी. प्रमुखपदाचा भार एकावरच पडू नये म्हणून दर फेरीला प्रमुख बदलतो आणि गटही नव्याने पडतात. जुन्या पद्धतींच्या तुलनेत ऊर्जेचा खर्च आठपटीपर्यंत कमी होतो, असा मूळ लेखकांचा निष्कर्ष होता.

२००२ च्या लेखातील प्रयोगक्षेत्र १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद आहे, त्यात १०० संवेदक विखुरलेले आहेत आणि तळकेंद्र क्षेत्राच्या बाहेर ७५ मीटरवर आहे. ही चौकट पुढील असंख्य लेखांनी जशीच्या तशी उचलली. १०० मीटर बाय १०० मीटर म्हणजे बरोबर एक हेक्टर, म्हणजेच सुमारे ९९ गुंठे. याचा अर्थ दर गुंठ्यास एक संवेदक असा होतो. ऊस पिकवणारा कोणताही शेतकरी गुंठ्यागणिक यंत्र रोवणार नाही. त्याची तशी गरज नाही आणि खर्चही परवडणारा नाही. मूळ लेखकांनी ही संख्या आपल्या युक्तिवादाची सोय म्हणून घेतली होती आणि गृहीतके उघडपणे नोंदवली होती, त्यामुळे दोष त्यांच्याकडे जात नाही. परंतु 'अचूक शेती' असा शब्द शीर्षकात घालून तीच चौकट पुन्हा मांडणाऱ्या लेखकाने निदान गुंठ्यांत हिशेब करून पाहायला हवा होता.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ पासून विनामूल्य प्रतिमा देत आहेत आणि त्यांतील सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा असतो. हा चौकोनही जवळपास गुंठ्याएवढाच. पिकाचा हिरवेपणा गुंठ्यागणिक पाहण्याचे काम आता वरून होऊ शकते. जमिनीत राहणाऱ्या संवेदकाच्या वाट्याला उपग्रहाला न दिसणारी गोष्ट उरते, ती म्हणजे मुळाशी असलेला ओलावा. त्यासाठी हेक्टरी शंभर संवेदक लागत नाहीत. जागा नीट निवडल्या तर मोजकेच पुरतात. आणि ज्या जाळ्यात मोजकेच संवेदक आहेत, त्यात मार्गनिवडीची गुंतागुंत फारशी शिल्लक राहत नाही.

अर्ध्या जूलचे आयुष्य

या लेखांमधील यशाचे माप ठरलेले असते. पहिला संवेदक कितव्या फेरीला 'मृत' झाला आणि शेवटचा कितव्या फेरीला, हे दोन आकडे आलेखात दाखवले जातात. सुधारित पद्धतीत पहिला मृत्यू काही फेऱ्या पुढे ढकलला की लेख पूर्ण होतो. या आयुर्मानाचा पाया असलेली ऊर्जा मात्र तपासली जात नाही. २००० सालच्या लेखात प्रत्येक संवेदकास अर्धा जूल ऊर्जा दिलेली होती आणि तीच संख्या पुढे रूढ झाली. भिंतीवरील घड्याळात घातल्या जाणाऱ्या दोन अल्कलाइन सेलमध्ये साधारणपणे वीस हजार जूल असतात. म्हणजे अभ्यासातील संवेदक प्रत्यक्षातील संवेदकाच्या सुमारे चाळीस हजाराव्या हिश्श्याएवढ्या ऊर्जेवर जगतो आणि मरतो.

याहून गंभीर त्रुटी खर्चाच्या सूत्रात आहे. 'लीच'च्या सूत्रानुसार ऊर्जा दोन कारणांनी खर्च होते, संदेश पाठवल्याने आणि संदेश घेतल्याने. कोणी बोलत नसताना कान उघडे ठेवण्याचा खर्च त्यात नाही. प्रत्यक्ष यंत्रांत हाच खर्च सर्वांत मोठा असतो. त्या दशकात संशोधनासाठी जगभर वापरल्या गेलेल्या टेलॉस व मायका-झेड या संवेदकांवर सीसी-२४२० ही रेडिओ चिप होती. ती पूर्ण शक्तीने संदेश पाठवताना १७.४ मिलिअँपिअर आणि केवळ ऐकताना १८.८ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेते. बोलण्यापेक्षा ऐकणे महाग, अशी ही स्थिती आहे. तीन व्होल्टला हिशेब केला तर अर्धा जूल ऊर्जा अवघ्या नऊ सेकंदांच्या ऐकण्यात संपते. ज्या अभ्यासात संवेदक हजारो फेऱ्या जगतो, तेथे तो एकदाही वाट पाहत बसलेला नसतो, हे उघड आहे. म्हणूनच प्रत्यक्षात ऊर्जा वाचवण्याचे श्रेय मार्गापेक्षा झोपेच्या वेळापत्रकाकडे जाते. संवेदकाने दिवसातून किती वेळ रेडिओ बंद ठेवायचा, यावर त्याचे आयुष्य ठरते.

सरासरीत हरवलेले शेत

आतापर्यंतचे आक्षेप संख्यांविषयी होते. संख्या दुरुस्त करता येतात आणि काही संशोधकांनी त्या केल्याही आहेत. पुढील आक्षेप मात्र पद्धतीच्या गाभ्याविषयी आहे.

'लीच'मधील बचतीचा मोठा वाटा एकत्रीकरणातून येतो. गटातील वीस संवेदकांचे वीस संदेश प्रमुखाकडे आले की त्यांचा एकच संदेश होतो. शेजारचे संवेदक सारखेच काहीतरी मोजत असणार, म्हणून वीसांच्या ऐवजी एक पाठवला तरी माहिती गमावत नाही, असे गृहीतक त्यामागे आहे. आता सरीने पाणी दिलेल्या उसाच्या शेताकडे पाहावे. पाटाच्या तोंडाशी पाणी साचते आणि शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत ते कमी पडते. तोंडाकडचा ऊस पिवळा पडतो, टोकाकडचा सुकतो. ठिबक असेल तर एखाद्या नळीत माती अडकते आणि एकच ओळ कोरडी राहते, शेजारची ओळ मात्र ओली असते. शेतकऱ्याला हवी असलेली बातमी हीच असते. सरासरी काढली की ओले व कोरडे मिळून 'ठीक' असा आकडा तयार होतो. जाळे दीर्घायुषी होते आणि शेताविषयी काहीच सांगत नाही.

म्हणजे या पद्धतीत ऊर्जा वाचते ती स्थान पुसून. मराठीत लिहिताना ही बाब अधिकच डोळ्यांत भरते, कारण 'क्लस्टर' या शब्दाला 'गट' म्हटले जाते आणि सातबाऱ्यावरही गटच असतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव झालेल्या एकत्रीकरणातून जमिनीला गट क्रमांक मिळाले. तो क्रमांक वाटणीत फुटतो, त्याचे हिस्से पडतात, परंतु प्रत्येक बदलाला फेरफार लागतो आणि जुन्या नोंदीपासून नव्या नोंदीपर्यंतची वाट शोधता येते. संवेदकांचा गट याच्या नेमका उलट आहे. तो यदृच्छेने पडतो, दर फेरीला मोडतो आणि कोणत्याही फेरफाराशिवाय नवा होतो. एक गट वाद निर्माण झाल्यास न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहतो, तर दुसरा पुढच्या फेरीपर्यंतही टिकत नाही. दोहोंसाठी भाषेने एकच शब्द वापरला, हा योगायोग असला तरी तो अभ्यासकाला पुष्कळ सांगून जातो.

या दृष्टीने २००१ मध्ये अराती मंजेश्वर आणि धर्म अग्रवाल यांनी मांडलेली 'टीन' ही पद्धत शेताच्या अधिक जवळची आहे. तीत संवेदक सतत बोलत नाही. मोजलेले मूल्य ठरवलेल्या उंबरठ्यापलीकडे गेले की मगच संदेश पाठवतो. ओलावा अमुक पातळीखाली उतरला तर सांग, एरवी गप्प बस, ही आज्ञा कोणत्याही बागायतदाराला पटेल. तिच्यातील उणीवही तितकीच ग्रामीण अनुभवाची आहे. उंबरठा ओलांडलाच गेला नाही तर संवेदक बोलत नाही, आणि बंद पडला तरीही बोलत नाही. सगळे ठीक असल्याचे मौन आणि मेलेल्याचे मौन यांत फरक करता येत नाही. नदीकाठच्या विहिरीवर मोटर चालू आहे की वीज गेली, हे घरी बसून ओळखू पाहणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

वाढणारे पीक, न वाढणारे क्षेत्र

अभ्यासातील क्षेत्र पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत सपाट आणि मोकळे राहते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा ते अठरा महिने शेतात असतो. सुरुवातीला उघडी सरी, नंतर गुडघ्याएवढे फुटवे आणि वर्षभरात माणसाच्या दुप्पट उंचीचे, पाण्याने भरलेल्या पानांचे दाट जंगल. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा पानांत शोषल्या जातात व विखुरतात. लागणीच्या महिन्यात एकमेकांना ऐकू येणारे दोन संवेदक वर्षाने परस्परांना अनोळखी होऊ शकतात. त्यात साडेचार महिन्यांच्या सुमारास मोठी बांधणी येते आणि औजार सरीतून फिरते. संवेदकाची काठी आणि तार त्याआधी काढली नाही तर ती मातीत जाते. पुढे उंदीर, खाली पडलेले पाचट आणि अखेरीस कोयत्याची टोळी. यांपैकी कशाचाही समावेश मार्गनिवडीच्या लेखांत आढळत नाही. पीक हा प्रसारमाध्यमाचा भाग आहे, ही गोष्ट शेती विषयाच्या शिक्षकाला विचारली असती तरी समजली असती. बहुविद्याशाखीय नियतकालिकाचा उपयोग एवढ्यासाठी तरी व्हायला हरकत नव्हती.

प्रत्यक्ष शेतात गेलेल्यांचे अनुभव यासंदर्भात उद्बोधक आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाच्या चमूने २००५ च्या हंगामात बटाट्याच्या शेतात सुमारे शंभर संवेदक बसवले. करप्याचा अंदाज घेणे हा उद्देश होता. हंगामाअखेर अपेक्षित माहितीपैकी केवळ २ टक्क्यांच्या आसपास हाती आली. चमूने २००६ मध्ये हे अपयश कारणांसह प्रसिद्ध केले आणि आज तो लेख या शाखेत आवर्जून वाचला जातो. कर्नाटकातील पावगड तालुक्यात भारतीय विज्ञान संस्था आणि लोझान येथील संघीय तंत्रज्ञान संस्था यांनी 'कॉमनसेन्स नेट' प्रकल्प राबवला. संवेदक बसवण्याआधी कोरडवाहू शेतकऱ्यांना कोणती माहिती हवी आहे, याची पाहणी करणे हे त्या प्रकल्पाचे वैशिष्ट्य. महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने 'अॅग्रिसेन्स' हे जाळे नाशिकच्या सुला द्राक्षबागेत उभारले. मातीचा ओलावा, तापमान आणि पानांवरील ओल मोजून ती माहिती मोबाइल जाळ्यामार्फत संस्थेपर्यंत नेली जात असे. द्राक्षबाग ही मांडवावर, ओळीत, माणसाला मधून चालता येईल अशी असते. तेथे जमलेले उसात जसेच्या तसे जमेल, असे मानण्याचे कारण नाही.

दरम्यान तंत्रज्ञान पुढे सरकले. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या परवानामुक्त पट्ट्यात लोरासारखी साधने कमी ऊर्जेत लांबवर संदेश पाठवतात. त्यांत प्रत्येक संवेदक थेट गावातील एखाद्या उंच ठिकाणच्या ग्राहकयंत्राशी बोलतो. मध्ये कोणी प्रमुख नाही, गट नाही, मार्गही नाही. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने २०२४ पासून ऊस उत्पादकांसाठी राबवलेल्या प्रकल्पातही भर आहे तो जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहप्रतिमा यांची सांगड घालण्यावर. शेतीपुरते बोलायचे तर मार्गनिवडीचा प्रश्न बऱ्याच अंशी शेताबाहेर गेला. महाविद्यालयीन लेखांत तो अजूनही पहिल्या पानावर आहे. याची कारणे केवळ बौद्धिक नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शिक्षकाच्या पदोन्नतीला प्रकाशनांचे गुणांक जोडले. एका संगणकावर आठवडाभरात निघणारा आलेख आणि अठरा महिने उसात घालवून हाती येणारी अर्धवट नोंदवही यांत गुणांकाच्या दृष्टीने फरक नसेल, तर शिक्षक कोणता मार्ग निवडील हे सांगण्यास कोणत्याही प्रोटोकॉलची गरज नाही.

द्राक्षाची नोंद : न विचारलेला प्रश्न

संदेश तळकेंद्रावर पोहोचला की मार्गनिवडीचा अभ्यास थांबतो. व्यवहार तेथून सुरू होतो. पोहोचलेली माहिती कोणत्या नोंदीत जाते, ती नोंद कोणत्या वस्तूची असते, हा वस्तुमाहितीच्या व्यवस्थापनाचा विषय आहे आणि महाराष्ट्रात त्याचे सर्वांत विकसित उदाहरण निर्यातीच्या द्राक्षांचे आहे. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष आढळल्यावर 'अपेडा'ने 'ग्रेपनेट' ही व्यवस्था उभारली व ती २००६ च्या सुमारास कार्यान्वित झाली. तीत बाग कृषी विभागाकडे नोंदवली जाते, तिला स्वतंत्र क्रमांक मिळतो, नमुना त्या क्रमांकाने प्रयोगशाळेत जातो आणि परदेशातील गोदामात असलेल्या खोक्यापासून मागे मागे येत मूळ बागेपर्यंत पोहोचता येते. संवेदक जाळ्यांनी जे पुसले, ते येथे कटाक्षाने जपलेले आहे.

तरीही २०१० च्या हंगामात युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली. कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार 'सीसीसी' म्हणतात. वेलीची अवाजवी वाढ रोखण्यासाठी छाटणीनंतर ते वापरले जात होते. तपासणीच्या तेव्हाच्या यादीत ते रसायन नव्हते. म्हणजे प्रत्येक खोके आपल्या बागेशी बिनचूक जोडलेले होते, प्रत्येक अहवाल खरा होता आणि तरी बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. पत्ता अचूक असणे ही पहिली अट आहे, पुरेशी नाही. नोंद तिच्यात आधी घातलेल्या रकान्यांचीच उत्तरे देते. रकाने कोण ठरवते, आणि बागेत प्रत्यक्ष काय फवारले जाते हे माहीत असलेल्या माणसाला ते ठरवताना विचारले जाते काय, हा प्रश्न २०१० नंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही. यादी त्यानंतर सुधारली गेली. परंतु ती सुधारणा नुकसानीच्या मागून आली.

घराची नोंद : इनामगाव आणि गावठाण

वस्तूबाबत जे दिसते ते वास्तूबाबतही दिसते. इमारतीच्या प्रत्येक भागाला ओळख देऊन रचना, वेळ आणि खर्च यांची माहिती एकाच आराखड्यात सांभाळण्याची पद्धत आता मोठ्या प्रकल्पांत रुळली आहे. नागपूर मेट्रोच्या उभारणीत ती वापरली गेली. या विषयावरील महाविद्यालयीन लेखही परदेशी उदाहरणांच्या आवृत्त्या काढत असतात. वास्तविक वास्तूच्या नोंदीचा एक फार मोठा प्रयत्न याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी झालेला आहे.

इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. म. के. ढवळीकर, ह. धी. सांकळिया आणि झै. दा. अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे उजेडात आले. अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती नोंदीची शिस्त. घराला क्रमांक, क्रमांकाला थर, थराला काळ, आणि घरात सापडलेली चूल, बळद, धान्य, भांडे, दफन यांची जागा त्या घराशी बांधलेली. पाच खोल्यांचे एक घर गावप्रमुखाचे असावे आणि त्याशेजारची वास्तू धान्यकोठार असावी, असे उत्खननकर्त्यांनी अनुमान केले. सुरुवातीची आयताकृती घरे जाऊन उत्तरकाळात गोल झोपड्या आल्या, यावरून त्यांनी अवर्षण आणि हलाखीचे चित्र रेखाटले. ही अनुमाने मान्य करावीत की नाही, हा वेगळा मुद्दा. परंतु नोंद आणि अनुमान वेगवेगळे ठेवल्यामुळे पुढच्या अभ्यासकाला त्याच घराकडे परत जाऊन वेगळा निष्कर्ष काढता येतो. वस्तू आणि वास्तू यांची माहिती येथे एकाच वहीत आहे. घरातले धान्य घरापासून तोडलेले नाही. ही सरासरी काढली असती, दर दहा घरांमागे एक 'प्रातिनिधिक' घर छापले असते, तर पाच खोल्यांचे घर कधीच दिसले नसते.

आजच्या गावठाणाची स्थिती याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराचा क्रमांक, मालक, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार आणि आकारणी असते. कर बसवणे हा त्या नोंदीचा हेतू आहे आणि तो भागेल इतकेच ती पाहते. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने 'स्वामित्व' योजना जाहीर केली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग त्याआधीच झाला होता. या मोजणीने गावठाणातील घरांना नकाशा आणि मालमत्ता पत्रक मिळू लागले, ही मोठी गोष्ट आहे. कर्जासाठी तारण ठेवायला कागद नसलेल्या घरमालकाला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तथापि ड्रोनला छप्पर दिसते. दोन भावांच्या मधली सामाईक भिंत, मागील दाराची वहिवाट, वरच्या माळ्यावर राहणारे कुटुंब हे त्याला दिसत नाही. ते चौकशीच्या वेळी माणसांनी सांगावे लागते, लिहून घ्यावे लागते आणि हरकतींना वेळ द्यावा लागतो. इनामगावात मृतांच्या घरांची आतून नोंद झाली. जिवंत माणसांच्या घरांची नोंद वरून होत असेल तर चौकशी अधिकाऱ्याची वही हाच या योजनेचा खरा संवेदक मानावा लागेल.

खोडव्याची नोंद

उसाकडे परतताना एक तपशील तपासून पाहण्यासारखा आहे. लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यातून खोडवा फुटतो. जमीन तीच, गट तोच, मुळे तीच. तरीही कारखान्याच्या दप्तरी खोडव्याची नोंद नव्याने होते. लागणीच्या तारखेच्या जागी तोडणीची तारीख येते, हंगाम बदलतो आणि तोडणीचा क्रम पुन्हा लागतो. मागील नोंद मिटवली जात नाही, तिच्यापुढे दुसरी लिहिली जाते. शेतकऱ्याला आपल्या लागणीचा आणि खोडव्याचा उतारा शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो, कारण गट क्रमांक दोन्हींत आहे.

संवेदकांच्या जाळ्याला दुसरा हंगाम माहीत नाही. शेवटचा संवेदक मृत झाला की अभ्यास संपतो. प्रत्यक्षात तोडणीआधी यंत्रे काढून घरी आणावी लागतात, पाचट आवरून बगला फोडून झाल्यावर खोडव्यात पुन्हा रोवावी लागतात. मागच्या वेळी पाटाच्या तोंडाशी असलेला सतरा क्रमांकाचा संवेदक या वेळी टोकाला रोवला गेला, तर त्याच्या दोन हंगामांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. हे टाळण्यासाठी लागणारी गोष्ट साधी आहे. संवेदक क्रमांक, गट क्रमांक, कितवी सरी, तोंड की टोक, किती खोली, रोवल्याची तारीख, काढल्याची तारीख, कोणी काढला. मार्गनिवडीवरील लेखांच्या प्रयोगविभागात असा तक्ता छापलेला आढळत नाही. चिटबॉयच्या वहीत त्यातील निम्मे रकाने आधीच आखलेले असतात.